खुडूक कोंबडीखाली ब्रॉयलरची पिल्लं: काय जमतं, कुठं फसतं

प्रश्न असा आहे: करवीर तालुक्यात घरामागं परडं आहे, दोन गावठी कोंबड्या खुडूक बसल्यात, पाऊस तोंडावर आलाय, लाईटीचा भरवसा नाही. हॅचरीतून ब्रॉयलरची पंचवीस पिल्लं आणून या कोंबड्यांखाली सोडली तर बल्बशिवाय मांसासाठी वाढतील का?

वाढतील, पण तीन आठवड्यांपर्यंतच. कोंबडी बल्बचं काम करते आणि काही बाबतीत बल्बपेक्षा चांगलं करते. ब्रॉयलरला मात्र ती गावठी करू शकत नाही. पिल्लू कुठल्या जातीचं आणायचं हे आधी ठरवा, बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. या धंद्यात नुकसान दोनच वेळा होतं: पहिल्या दोन रात्री, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात.

पहिल्यांदा जातीचं बघू. चांगलं खाद्य मिळालेलं ब्रॉयलर पिल्लू २१ दिवसांत पाऊण ते एक किलो भरतं. त्याच वयाचं गावठी पिल्लू दीडशे ग्रॅमच्या आसपास असतं. तुमची कोंबडी सव्वा-दीड किलोची. तिच्याखाली दहा ब्रॉयलर असतील तर तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी सव्वा-दीड किलोच्या आईनं आठ-नऊ किलोची पोरं पंखाखाली घ्यायची, असा हिशोब होतो. ते होत नाही. पिल्लं डोकं तेवढं तिच्या पोटाखाली घालतात आणि अंग बाहेर राहतं. त्यातच ब्रॉयलरला पिसं उशिरा फुटतात. पाठ भरली तरी पोट आणि छाती चौथ्या आठवड्यापर्यंत उघडीच असते. म्हणजे ज्या दिवसांत कोंबडीला झाकणं जमत नाही, त्याच दिवसांत पिल्लाला स्वतःची ऊब पुरत नाही. भर पावसात ही फट जिवावर बेतते.

दुसरी अडचण स्वभावाची. कोंबडी उकरते, किडा दिसला की चोचीत उचलून खाली टाकते आणि कुक्‌कुक्‌ करून बोलावते. गावठी पिल्लू धावत येतं. ब्रॉयलरचं पिल्लू पहिले आठ-दहा दिवस येतं, नंतर खाद्याच्या भांड्याजवळ बसून राहतं. कोंबडी परड्याच्या टोकाला, पोरं भांड्यापाशी, आणि मधे ती ये-जा करत ओरडतेय, हे चित्र दुसऱ्या आठवड्यानंतर हमखास दिसतं. अशी ताटातूट झाली की घार आणि कावळ्याचं फावतं.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. पहिल्यांदाच करताय तर ब्रॉयलरऐवजी रंगीत जातीची पिल्लं घ्या. बंगळूरची गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराज, किंवा कावेरी. चांगल्या खाद्यावर वनराज सहा आठवड्यांत सहाशे-सातशे ग्रॅमच्या आसपास येतो आणि नर दहा-बारा आठवड्यांत दीड किलोच्या पुढे जातो. वाढीचा वेग कोंबडीला पेलण्यासारखा आहे, पिल्लं तिच्यामागं फिरतात, उकरून खातात. ब्रॉयलरच पाहिजे असेल तर एका कोंबडीखाली पावसाळ्यात आठ, उन्हाळ्यात दहा. रंगीत असतील तर बारा. म्हणजे तुमच्या दोन कोंबड्यांना पंचवीस ब्रॉयलर जास्तच होतात, रंगीत चोवीस बसतात.

बाजारात मोटारसायकलवरून पाटीत विकायला येतात ती रंगवलेली पिल्लं मात्र घेऊ नका. ती बहुतेक लेयर जातीचे नर असतात, अंड्याच्या धंद्यात नको म्हणून काढून टाकलेले. मांस धरत नाहीत, कुठली लस दिली याचा पत्ता नसतो, आणि मुख्य म्हणजे वयाला मोठी असतात. तीन दिवसांच्या पुढचं पिल्लू कोंबडीला घाबरतं. ज्यानं बल्ब बघितला त्याला आई कोण हे शिकवता येत नाही.

आता कोंबडीबद्दल. खुडूक बसली म्हणजे लगेच पिल्लं द्यायची असं नाही. अंडी देऊन झाल्यावर तिच्या अंगात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, त्यानं अंडी देणं थांबतं आणि बसणं सुरू होतं. बसून जितके दिवस झाले, तितकी ती पिल्लू स्वीकारायला तयार असते. २१ दिवस हा नैसर्गिक काळ. १४ दिवसांच्या पुढे बहुतेक कोंबड्या पिल्लू घेतात, आठवड्याच्या आत दिलं तर टोचून मारण्याची भीती जास्त. उलट पाच आठवड्यांपर्यंत रिकामी बसवून ठेवणंही वाईट. बसलेली कोंबडी दिवसातून एकदा उठते, दहा-पंधरा मिनिटांत खाऊन-पिऊन, एक मोठी घाण वास मारणारी विष्ठा टाकून परत बसते. या काळात तिचं वजन चांगलंच उतरतं. हाडं हाताला लागणारी कोंबडी पिल्लं सांभाळायला उभी राहत नाही.

खरी खुडूक ओळखायची खूण: रात्रीही घरट्यावरच असते, आढ्यावर किंवा झाडावर जात नाही. पोटावरची पिसं झडून कातडी उघडी पडलेली असते, हात खाली घातला तर गरम लागते. हात नेला की पिसं फुलवून घुमल्यासारखा आवाज करते. उचलून दहा फुटांवर ठेवली तर थोडं फिरून पुन्हा घरट्यावर येते. दिवसा बसणारी आणि रात्री उठून जाणारी कोंबडी अजून खुडूक नाही. तिच्यावर विसंबून पिल्लांची ऑर्डर देऊ नका.

गावठीच पाहिजे. वनराज, गिरिराज, अंड्याच्या हायब्रीड कोंबड्या यांच्यातून बसण्याचा गुण निवड करून काढून टाकलेला असतो. कडकनाथही बसायला कच्चीच. असील बसते उत्तम, पिल्लांसाठी कुत्र्याच्या अंगावरही जाते, पण तिचं वजन आणि ताकद एवढी की खालचं पिल्लू पायाखाली चिरडू शकतं, आणि दुसरीच्या पिल्लाला ती ठेवत नाही. दोन कोंबड्यांत एक असील असेल तर मधे पक्की आडकाठी हवी. एकदा तरी रवण घालून पिल्लं वाढवलेली, सव्वा ते पावणेदोन किलोची, माणसाच्या हाताला सरावलेली कोंबडी सगळ्यात चांगली.

क्रम असा ठेवा. कोंबडी खुडूक झाल्याची खात्री झाली की त्याच दिवशी हॅचरीला किंवा तालुक्याच्या गावच्या पिल्लांच्या एजंटला फोन करून पुढच्या लॉटांच्या तारखा विचारा. पिल्लं ठरावीक वारीच निघतात. आजपासून १४ ते २१ दिवसांत पडणारी तारीख पकडा. बहुतेक ठिकाणी पन्नास किंवा शंभरच्या खोक्याखाली देत नाहीत, तेव्हा गल्लीत कुणी वाटेकरी बघून ठेवा. मारेक्सची (पाय लुळे पाडणारा विषाणूचा रोग) लस दिली आहे का हे विचारायला विसरू नका. रंगीत पिल्लांना बहुधा दिलेली असते, ब्रॉयलरला बरेचदा नसते. गावठी कोंबडीच्या अंगावर मारेक्सचे विषाणू असण्याची शक्यता भरपूर, आणि तुमची पिल्लं जन्मल्या दिवसापासून तिच्या पिसांत राहणार आहेत.

तोपर्यंत कोंबडीखाली खोटी अंडी ठेवा. प्लास्टिकची, प्लास्टरची, नाहीतर पिंगपाँगचे चार-पाच चेंडू. उकडलेलं अंडं ठेवू नका, आठवड्यात फुटतं आणि घरटं नासतं. तिची स्वतःची फळलेली अंडी ठेवली तर ती हॅचरीच्या पिल्लांच्या आधी फुटू शकतात. एकदा तिनं आपली पिल्लं बघितली की दुसऱ्या रंगाचं पिल्लू ती ओळखून टोचते. काळी-तांबडी पिल्लं फिरवणाऱ्या कोंबडीत पिवळी ब्रॉयलर घुसवायचा प्रयत्न म्हणूनच फसतो.

घरट्याला बांबूची बुट्टी किंवा जुनं घमेलं घ्या, रुंदी सव्वा ते दीड फूट. तळाला चार बोटं माती, मधे किंचित खळगा, वर पिंजर. जागा जमिनीलगत, अंधारी, वाऱ्याच्या आड. उंचावर ठेवलेल्या बुट्टीतून पहिल्या रात्री पिल्लू खाली पडलं तर परत चढत नाही आणि पहाटेपर्यंत गारठून जातं.

पिल्लं यायच्या आठ-दहा दिवस आधी कोंबडी साफ करायची. उवा आणि पिसवा शेपटीखाली आणि पंखाच्या बेचक्यात बघा. बारीक तांबडे किडे दिवसा घरट्याच्या फटीत लपतात आणि रात्री कोंबडीचं रक्त पितात, म्हणून घरट्याखाली रात्री बॅटरी मारून बघायचं. डेल्टामेथ्रिनसारखं औषध पशुवैद्यकाकडून प्रमाण विचारून अंगाला आणि घरट्याला मारा, सगळी पिंजर बदला. कागल-निपाणी पट्ट्यात घरट्यात तंबाखूची पानं घालायची रीत आहे. बसलेल्या कोंबडीपुरती ती चालते, पिल्लं घालायच्या आदल्या दिवशी मात्र एकूण एक पान काढा. पिल्लू दिसेल ते टोचतं आणि तंबाखू त्याला मारतो. जंताचं औषध पण याच वेळी. पिल्लं अंगाखाली असताना उवांचा उपचार करणं फार अवघड होतं.

आता ती रात्र. खोकं सकाळी आलं तर संध्याकाळपर्यंत पिल्लं घरात ठेवावी लागतात. पंचवीस पिल्लांना दोन फूट बाय दोन फुटांचा पुठ्ठ्याचा खोका, तळाला गोणपाट. गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पाय घसरून बाजूला फाकतात आणि ते पिल्लू पुन्हा नीट चालत नाही. वर फुटभर अंतरावर साधा ६० वॅटचा बल्ब. लाईट गेली तर खोक्यावर पोतं टाकून बाजूला गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा. एकेकाची चोच पाण्यात बुडवून प्यायला शिकवा. प्रवासातून आलेली असतील तर पहिल्या काही तासांपुरतं लिटरला ५० ग्रॅम गूळ घातलेलं पाणी, नंतर साधं. दोन-तीन तासांनी मक्याचा बारीक भरडा. पोटात पिवळा बलक असतो, त्यावर ती दोन-तीन दिवस तग धरतात, त्यामुळं खाण्याची घाई नाही. पाण्याची आहे.

अंधार पडून कोंबडी शांत झाल्यावर, नऊ-साडेनऊच्या सुमारास जायचं. एकट्यानं. मोबाईलच्या बॅटरीवर बोट धरून लालसर उजेड पुरे. एक हात कोंबडीच्या छातीखाली सरकवून खोटं अंडं काढायचं आणि त्याच हालचालीत दुसऱ्या हातातलं पिल्लू मागून, शेपटीच्या बाजूनं, पंखाखाली सारायचं. पिल्लाचं तोंड कोंबडीच्या चोचीसमोर येता कामा नये. पहिल्यांदा दोनच पिल्लं घाला आणि अर्धा तास थांबा. पिल्लू खाली कुईकुई करतं, आणि कोंबडीनं त्याला धरलं असेल तर तिचा आवाज बदलतो: घुमणं थांबून खालच्या पट्टीत तुटक क्लक-क्लक सुरू होतं. तो आवाज आला की बाकीची एकेक करून घाला, सगळी खोटी अंडी काढून घ्या, आणि उठून या. आवाज आला नाही आणि ती मान वाकवून जोरात डोक्यावर टोचत असेल तर पिल्लं लगेच काढा. एखादी हलकी टोच चालते, ती समज देते. डोळ्यावर, टाळूवर वारंवार पडणारी टोच चालत नाही.

सगळी पिल्लं एकाच रात्री, एकाच वयाची. उरलेली पाच-सहा चार दिवसांनी घालू असं चालत नाही. आणि बल्बखाली दोन रात्री मजेत काढलेलं पिल्लू कोंबडीकडं जातच नाही, म्हणून आलेल्या दिवशीच घालणं उत्तम.

पहाटे उजाडायच्या आत परत जाऊन बघा. पिल्लं तिच्याखाली, पंखातून एखादं डोकं बाहेर, कोंबडी फुगून बसलेली: जमलं. एखादं पिल्लू कोपऱ्यात एकटं ओरडत असेल तर ते चुकलेलं आहे, हातात गरम करून मागून आत सारा. पिल्लं चारी कोपऱ्यांत पांगलेली आणि कोंबडी मधोमध उभी असेल तर तिनं नाकारली. दुसऱ्या रात्री एकदा प्रयत्न करा, तिसऱ्यांदा नको. बल्बची तयारी म्हणूनच ठेवायची असते. कोंबडी आहे म्हणून बल्ब विकत घेतला नाही, असं करू नका.

पहिले पाच दिवस कोंबडी आणि पिल्लं बंदिस्त. चार फूट बाय चार फूट जागा एका कोंबडीला, तळाला दोन इंच भाताचं तूस. करवीर-पन्हाळ्यात भाताच्या गिरणीवर ते मिळतं, शिरोळ-हातकणंगल्याकडं कोरडं बगॅस चालतं. ओलं बगॅस बुरशी धरतं, ते वापरू नका. दोन कोंबड्यांच्या मधे दहा दिवस पत्रा किंवा फळी, एकमेकींना दिसता कामा नये. नाहीतर भांडणात पिल्लं तुडवली जातात. त्यानंतर मोकळ्या केल्या तर बहुतेक वेळा दोघी मिळून सांभाळतात.

पाण्याचं भांडं उथळ, त्यात गोटे टाकून. एक इंच पाण्यात पिल्लू बुडून मरतं, कोंबडीनं धक्का दिला की हमखास. खाद्याचं भांडं पिल्लाच्या पाठीच्या उंचीला येईल असं विटेवर चढवा, नाहीतर कोंबडी दिवसभरात निम्मं खाद्य उकरून तुसात मिसळते आणि ते ओलं झालं की बुरशी. पाच दिवसांनी कोवळ्या उन्हात अर्धा-एक तास डालग्याखाली बाहेर काढा. दहा-बारा दिवसांनी पाऊस नसेल तर मोकळं सोडा.

खाद्याबद्दल एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: लेयर खाद्य त्या जागेत आणायचं नाही. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, पिल्लांचे मूत्रपिंड त्यानं निकामी होतात. कोंबडी अंडी देत नाही, तेव्हा तिला त्या कॅल्शियमची गरजच नाही. दोघांना एकच, ब्रॉयलर प्रीस्टार्टर किंवा चिक स्टार्टर, बावीस टक्के प्रथिनांचं. कोंबडीला वरून मूठभर अख्खा मका द्या, तो तिच्या घशाखाली जातो, पिल्लांच्या नाही. ब्रॉयलर दोन किलोचा व्हायला सव्वातीन-साडेतीन किलो खाद्य खातो. रंगीत पक्षी दीड किलोला चार किलोच्या आसपास, पण त्यातला काही भाग तो परड्यातून स्वतः मिळवतो.

नुसती कणी आणि मक्यावर ब्रॉयलर वाढत नाही. वाढ खुंटते, पिसं नीट येत नाहीत, एकमेकांची पिसं उपटायला लागतात. शेंगदाणा पेंड घरची आहे म्हणून घालायचा मोह होतो, पण पावसाळ्यात पेंडीला धरणारी बुरशी यकृत खाते. कोरडी, ताजी, वास न येणारी असेल तरच, आणि थोडीच. रंगीत पिल्लांना वाळवी द्या. मडक्यात ओलं शेण, पाचट, जुनं गोणपाट कोंबून वारुळाजवळ जमिनीवर संध्याकाळी उपडं घाला, एक-दोन दिवसांत वाळवी भरते. ते मडकं कोंबडीसमोर आपटायचं, पुढचं ती बघते.

कोंबडीखालच्या ब्रॉयलरचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. शेडमध्ये उजेड जवळपास रात्रभर असतो, पक्षी रात्री पण खातो, आणि हृदयाच्या झटक्यानं किंवा पोटात पाणी होऊन काही पक्षी मरतात. कोंबडी दिवस मावळला की पिल्लांना घेऊन बसते. आठ-दहा तास खाणं बंद. वाढ थोडी मंदावते, ३५-४० दिवसांऐवजी दोन किलोला सात-आठ आठवडे लागतात, पण पाय मोडणं आणि अचानक मरणं कमी होतं. म्हणून रात्री दिवा लावून ‘अजून थोडं खाऊ देत’ करू नका.

तिसरा आठवडा लागला की सावध. इथं दोन गोष्टी एकदम घडतात. पिल्लं पंखाखाली मावत नाहीत, आणि कोंबडीला उंचावर बसायची ओढ लागते. ती संध्याकाळी दांडीवर चढते, वरून बोलावते. गावठी पिल्लं उडून जातात. ब्रॉयलर खाली कोपऱ्यात एकावर एक चढून दाटीवाटीनं बसतात, आणि सकाळी सर्वात खालचं एखादं दबून मेलेलं असतं. याला उपाय तीन. पाच आठवड्यांपर्यंत दांडी काढून टाका. कोंबडी उंच जागा शोधतच असेल तर रात्री तिला पिल्लांसकट डालग्याखाली घाला. आणि कोपरे मोडा, म्हणजे चारी कोपऱ्यांत तिरकी फळी किंवा पाचटाची पेंढी लावून कोन गोल करा. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडच्या पावसात याच आठवड्यात बल्ब किंवा जाड तूस लागतंच. पिल्लांचं पोट ओलं राहता कामा नये. जमीन पाझरत असेल तर दीड-दोन फूट उंचीचा माच करा, पण जाळीचा तळ उघडा ठेवू नका. कोंबडी जाळीवर नीट बसत नाही आणि खालून गार वारा लागतो. पोतं, त्यावर तूस.

ब्रॉयलरच्या बाबतीत कोंबडी साडेतीन-चार आठवड्यांनी बाजूला काढली तरी चालते. नुसती गरज संपते म्हणून नव्हे: बाहेर फिरून चांगलं खाद्य खाणारी कोंबडी पाच-सहा आठवड्यांत पुन्हा अंड्यावर येते, आणि तुरा लाल व्हायला लागला की पिल्लांना टोचायला लागते. रंगीत पिल्लांना सहा-आठ आठवडे तिच्यामागं राहू द्या.

लसी. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, म्हणजे मानमोडीची पहिली लस, डोळ्यात एक थेंब. चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस. अठ्ठावीसाव्या दिवशी लासोटा पुन्हा. रंगीत पक्षी पुढे ठेवायचे असतील तर सहा आठवड्यांनंतर देवीची लस, आणि आठव्या आठवड्यात मानमोडीची आर टू बी टोचून. आर टू बी सहा आठवड्यांच्या आत कधीही देऊ नका, त्या लसीनंच पिल्लू आजारी पडतं. लहानात लहान बाटलीही शंभर डोसांची येते, उघडली की बर्फावर ठेवून दोन तासांत संपवायची. तेव्हा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून शेजारच्या दोन-तीन घरांनी एकाच दिवशी करावं. रात्री कोंबडीवर पोतं टाका आणि खालून पिल्लं काढा. दिवसा पकडायला गेलात तर ती हात फोडेल. कोंबडीला तिची लस बसायच्या आधीच झालेली हवी, पिल्लं असताना नाही.

चौथ्या आठवड्याच्या आसपास विष्ठेत रक्त दिसलं, पिल्लं पंख पाडून गोळा होऊन बसली, तर ती रक्ती हगवण. ओल्या तुसात वाढते, आणि कोंबडी स्वतः निरोगी दिसत असताना तिच्या विष्ठेतून येते. अँप्रोलियमची २० टक्क्यांची पावडर असेल तर लिटरला साधारण सव्वा ग्रॅम, पाच दिवस, दुसरं पाणी ठेवायचं नाही. त्या दिवसांत ब जीवनसत्त्वाचं टॉनिक देऊ नका, औषधाचा परिणामच मारला जातो. ओलं तूस त्याच दिवशी काढा, नाहीतर औषध संपल्यावर पुन्हा येणार.

मुंगूस, बोका आणि धामण यांचं बघा. कावळा-घार दिवसा येतात, त्यांना कोंबडी पुरी पडते. मुंगूस येतो तिथं तिचं काही चालत नाही. खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंचाची जाळी, आणि ती जमिनीत वीतभर गाडलेली. मोठ्या भोकाच्या जाळीतून धामण आत येते, पिल्लू गिळून फुगली की बाहेर जाता येत नाही म्हणून सकाळी तिथंच सापडते. तिला विष नसतं, मारू नका.

विक्रीचा विचार आधी करा. जूनच्या सुरुवातीला घातलेली रंगीत पिल्लं बारा आठवड्यांनी श्रावण-भाद्रपदात तयार होतात, तेव्हा गिऱ्हाईक नसतं. आखाडासाठी पाहिजेत तर पिल्लं चैत्रात घालावी लागतात, आणि मग शिरोळकडच्या उन्हात सावली आणि दुपारी अकरा ते चार खाद्य उचलून ठेवणं आलं. गावच्या जत्रेची, म्हाईची तारीख धरून उलटं मोजा. ब्रॉयलरला सात-आठ आठवडे, रंगीतला बारा, त्यात कोंबडी बसवायचे दोन-तीन आठवडे मिळवा.

चवीचं राहिलं. रश्श्याला जी चव येते ती पक्ष्याच्या वयातून आणि फिरलेल्या पायातून येते. आठ आठवड्यांचा ब्रॉयलर कोंबडीच्या मागं वाढला तरी सुक्क्याला छान लागतो, पांढऱ्या रश्श्याचं पाणी मात्र तो धरत नाही. ‘गावरान’ म्हणून विकला तर पुढच्या वेळी तेच गिऱ्हाईक परत येत नाही. कापायच्या आधी आठ-दहा तास खाद्य बंद, पाणी चालू.

तुमच्या बाबतीत, आत्ताच्या दिवसांत, मी हे करीन: दोन्ही कोंबड्यांखाली आज खोटी अंडी, या आठवड्यात उवांचा उपचार, आणि पंधरा-वीस दिवसांनी येणाऱ्या लॉटातली चोवीस वनराज किंवा गिरिराज, बारा-बारा. ब्रॉयलर बघायचाच असेल तर दिवाळीनंतर, कोरड्या हवेत, एका कोंबडीखाली आठ.